विमान एक, मालक दहा!

टर्फ बुक करायचं असेल तर तुम्ही काय करता? ग्रुपवर मेसेज पडतो, बारा जणांची नावं येतात, एक जण पैसे भरतो आणि बाकीचे त्याला जीपे करतात. दोघं करत नाहीत, ती वेगळी गोष्ट! अलिबागची ट्रिप असो, भाड्याचा फ्लॅट असो की ओटीटीचं सबस्क्रिप्शन, आपल्या पिढीचं सगळं टीटीएमएम. तू तुझं, मी माझं. मग विमान का नाही?

हसू नका. गोरेगाव चेकनाक्यावरून आरेत शिरा, छोटा काश्मीरपाशी बाईक लावा आणि मान वर करा. झाडांच्या शेंड्यांवरून विमानं जाताना दिसतात. आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्याकडे बघत ‘एकदा तरी हे चालवायचं’ असं म्हटलंय? आणि किती जणांना घरून उत्तर मिळालंय, ‘विमान काय तुझ्या बापाचं आहे?’

बापाचं नसतंच. पण जगभरात हजारो लोक विमान उडवतात, ज्यांच्या बापाचंही विमान नव्हतं आणि स्वतःचंही नाही. ते दहा जणांचं असतं. त्याला म्हणतात फ्लाइंग क्लब. नोकरीसाठी नाही, एअरलाइनसाठी नाही, तर रविवारी सकाळी एक तास आभाळात जायचं म्हणून काही जण मिळून एक छोटं विमान घेतात, आळीपाळीने उडवतात आणि खर्च वाटून घेतात. ही आयडिया परदेशातून काल-परवा आलेली नाही. आरेपासून सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरवर, जुहूला, ती १९२८ पासून आहे.

आधी आरेचा धडा

विमानाकडे वळण्याआधी जिथे बाईक लावलीय, त्या जागेचीच गोष्ट बघा. आरेत आजही पत्ता सांगताना लोक ‘युनिट नंबर अमुक’ म्हणतात. हे युनिट म्हणजे म्हशींचे गोठे. मुंबई शहरात तेव्हा गल्लोगल्ली तबेले होते. घाण, दुर्गंधी, दुधात पाणी, सगळंच. १९४९ मध्ये आरे मिल्क कॉलनी उभी राहिली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. यामागे दारा खुरोडी हे नाव होतं, ज्यांना पुढे १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातली गंमत काय होती? म्हशी ज्याच्या त्याच्या. पण गोठा, पाणी, चारा, जनावरांचा डॉक्टर आणि दूध प्रक्रिया करणारी डेअरी, हे सगळं सामायिक. एकेकट्या तबेलेवाल्याला जे कधीच परवडलं नसतं, ते सगळ्यांना मिळून मिळालं. बदल्यात प्रत्येकाला नियम पाळावे लागले. महागडी गोष्ट परवडवायची असेल तर ती वाटून घ्या, पण वाटून घ्यायची असेल तर आधी नियम लिहा. फ्लाइंग क्लबचं गणित यापेक्षा वेगळं नाही.

जुहूचा क्लब

शंभर वर्षांपूर्वी विमान म्हणजे फौजेची नाहीतर राजेमहाराजांची चैन होती. १९२५ मध्ये इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कंपनीचं ‘मॉथ’ हे हलकं, दोन सीटचं, लाकूड आणि कापडाचं विमान आलं. चालवायला सोपं आणि त्या मानाने स्वस्त. तिथल्या सरकारने क्लबांना मदत दिली आणि सामान्य नोकरदार माणूसही क्लबचा मेंबर होऊन उडायला शिकू लागला. तीच लाट भारतात आली. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. व्हिक्टर ससून हे त्यामागचं मोठं नाव. त्याच वर्षी सुरू झालेला जुहूचा विमानतळ भारतातला पहिला नागरी विमानतळ मानला जातो.

या क्लबचे सुरुवातीचे विद्यार्थी कोण, माहितीय? जे. आर. डी. टाटा. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं ते पहिलं लायसन्स, नंबर १. घरात पैसा कमी नव्हता, तरी ते शिकले क्लबच्या विमानावर. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमान जुहूला आणलं आणि भारतातली एअरलाइन जन्माला आली. एअर इंडियाचं मूळ शोधत मागे गेलात तर तुम्ही एका क्लबच्या दारात जाऊन पोहोचता.

पण मला त्यांचा दुसराच किस्सा जास्त आवडतो. १९३० मध्ये आगा खान यांनी बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने विमान चालवत कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, लंडनहून, अस्पी इंजिनीअर येत होता. वय १७! म्हणजे तुमच्यातल्या एफवायच्या पोरांपेक्षाही लहान. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, त्याला स्पार्क प्लग हवे होते. स्पर्धा चालू असताना जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले. अस्पी जिंकला, जेआरडी थोडक्यात हरले. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. क्लब म्हणजे काय, हे या किश्श्यात आहे. समोरच्याचं इंजिन बंद पडणं हा आपला फायदा नसतो.

पीपीएल म्हणजे काय रे भाऊ?

‘पायलट’ म्हटलं की आपल्याला चार पट्ट्यांचा युनिफॉर्म आणि लाखांचा पगार दिसतो. ते सीपीएल, कमर्शियल पायलट लायसन्स. त्यासाठी २०० तास उडावं लागतं. पीपीएल म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स, हे वेगळं. कारच्या लायसन्ससारखं समजा. गाडी चालवता येते, टॅक्सी चालवता येत नाही. म्हणजे मित्राला शेजारी बसवून फिरवून आणता येतं, पण त्याच्याकडून भाडं घेऊन धंदा करता येत नाही.

पीपीएलसाठी वय किमान १७, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान अशा विषयांची परीक्षा, रेडिओवर बोलण्याचं वेगळं लायसन्स आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले २० तास एकट्याने. शिकायला सुरुवात तर स्टुडंट पायलट लायसन्सवर १६ व्या वर्षीच करता येते. खर्च? लाखांच्या घरात. उगाच गोड बोलून फसवत नाही.

पण खरी मेख इथे नाहीच. खरी मेख लायसन्स मिळाल्यानंतर सुरू होते. लायसन्स खिशात आहे आणि विमान नाही! पोहायला शिकलात आणि गावात तलाव नाही, अशी गत. हात गंजतो, आत्मविश्वास जातो आणि दोन-तीन वर्षांत ते लायसन्स कपाटातल्या मार्कशीटच्या फाईलमध्ये जाऊन बसतं. क्लब लागतो तो यासाठी.

चला, गणित करू

समजा एक सेसना १७२ आहे. चार सीटचं, एका इंजिनाचं, १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं आणि आतापर्यंत ४४ हजारांहून जास्त बनलेलं विमान. जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान हेच. विमानांमधली स्प्लेंडर म्हणा! खालचे रुपयांचे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेत, कुणाचं कोटेशन नाही.

विमानाचे खर्च दोन प्रकारचे. पहिला, ते नुसतं उभं असलं तरी होणारा. हँगरचं भाडं, विमा, वर्षाची तपासणी, कागदपत्रं. समजा हे सगळं वर्षाला १२ लाख. एकट्याने विमान घेतलं आणि वर्षाला ५० तास उडवलं, तर तासाला २४,००० रुपये नुसते उभ्या विमानाचे पडले. पेट्रोल अजून घातलेलंच नाही! आता तेच विमान दहा जणांचं करा. प्रत्येक जण ५० तास, एकूण ५०० तास. तासाला २,४००. आकडा एक दशांश झाला आणि उडायला मात्र प्रत्येकाला तेवढेच तास मिळाले.

दुसरा खर्च उडण्याचा. हे विमान तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन पितं, ऑईल वेगळं. जेवढे तास उडाल, तेवढे पैसे.

आता यात एक तिसरा खर्च लपलेला आहे आणि बरेच क्लब तिथेच आपटतात. या विमानाचं इंजिन साधारण २,००० तास चाललं की त्याचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून नवं करणं, ठरलेलं असतं. समजा त्याला ३० लाख लागणार आहेत. म्हणजे आज तुम्ही एक तास उडालात की इंजिनाचे १,५०० रुपये ‘खाल्ले’. बिल आज येत नाही, चार वर्षांनी येतं. त्या वेळी तुम्ही एमबीए करायला बंगळुरूला गेलेले असता आणि बिल भरतो तो, जो गेल्याच महिन्यात मेंबर झालाय. आहे का हा न्याय?

म्हणून शहाणे क्लब प्रत्येक तासामागे इंजिनाचे पैसे बाजूला काढतात आणि वेगळ्या खात्यात ठेवतात. त्याला हात लावायचा नाही. पार्टीला नाही, नव्या हेडफोनला नाही. तुम्ही वापरलेलं तुम्हीच भरा आणि आजच भरा. कॉलेजच्या फेस्टचं बजेट ज्यांनी सांभाळलंय, त्यांना कळेल हे किती अवघड असतं.

आणखी एक गोष्ट. उभ्या विमानाचा खर्च महिन्याच्या वर्गणीतून घ्यायचा आणि उडण्याचा खर्च तासाच्या दरातून. आपल्या उदाहरणात वर्गणी येते माणशी महिन्याला १०,०००. ‘जो उडेल तोच भरेल’ असं ठरवणं ऐकायला गोड वाटतं. पण मुंबईत जून ते सप्टेंबर काय होतं? ढग, पाऊस, वारा. कुणी उडत नाही. हँगरवाला मात्र जुलैचं भाडं मागतो. जुहूचा पावसाळा तर जेआरडींनाही चुकला नव्हता. मैदानात पाणी भरायचं म्हणून टाटांची टपालसेवा त्या महिन्यांत पुण्याहून चालायची.

दहाच का?

चार मित्रांनी घेतलं तर? चालतं, पण एक जण सोडून गेला की बाकीच्यांच्या डोक्यावर लगेच मोठा बोजा. मग पन्नास जण? खर्च कमी होईल, पण शनिवार-रविवारची सकाळ तर एकच! सगळ्यांना तीच हवी असते. ब्रिटनमध्ये तर कायद्यानेच मर्यादा घातलीय. खासगी गटाच्या मालकीचं विमान जास्तीत जास्त २० जणांचं आणि प्रत्येकाचा वाटा किमान ५ टक्के. याचा अर्थ साधा आहे. प्रत्येकाचं विमानात काहीतरी खरोखर गुंतलेलं असलं पाहिजे. नुसता गिऱ्हाईक झालेला माणूस विमान पुसून ठेवत नाही.

आपल्याच उदाहरणात दहातले दोघं गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही, तर ५०० चे तास झाले ४००. तासाचे २,४०० झाले ३,०००. ते वाढले म्हणून अजून एक जण गळतो. मग अजून वाढतात. मोठ्या उत्साहात सुरू झालेले क्लब असेच बंद पडतात. विमान नाही कोसळत, मेंबरशिप कोसळते! म्हणून बाहेर पडण्याचा नियम आत येण्याआधी लिहायचा. किती महिन्यांची नोटीस, वाटा कुणाला विकायचा, नव्या माणसाला कुणी होकार द्यायचा, डिपॉझिट कधी परत. दोस्ती आहे म्हणून लिहायची गरज नाही, असं वाटतं ना? दोस्ती टिकावी म्हणूनच लिहायचं.

थोडक्यात, क्लब काढणारे पहिल्या मीटिंगला विमानाचे फोटो बघत बसत नाहीत. त्यांचा क्रम उलटा असतो. आधी माणसं, मग नियम, मग बँक खातं, मग क्लबची कायदेशीर नोंदणी, मग विमान उभं करायची जागा आणि दुरुस्ती करणारा परवानाधारक इंजिनीअर. विमान सगळ्यात शेवटी.

मग कामं वाटली जातात. एक जण हिशोब बघतो, एक जण बुकिंग, एक जण तपासण्यांच्या तारखा. सगळ्यात कडक माणूस सुरक्षेसाठी. बराच काळ न उडालेला मेंबर परत आला की आधी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून एक फेरी मारायची, मगच एकट्याने. मेंबर कितीही जुना असला तरी. ‘मला ओळखत नाहीस का’ हा डायलॉग इथे चालत नाही.

धप्पकन उतरलात, आता?

आता येतो मुद्दा. पैसे वाटून घेणं सोपं आहे. खरं बोलणं वाटून घेणं अवघड.

समजा शनिवारी संध्याकाळी तुमचं लँडिंग जरा धप्पकन झालं. बघायला कुणी नव्हतं. विमान चालत चालत जागेवर आलं, वरवर सगळं ठीक दिसतंय. विमानात एक वही असते, जिच्यात प्रत्येकाने उड्डाणानंतर काय बिघडलं, काय वेगळं जाणवलं ते लिहायचं असतं. तुम्ही लिहिलंत, ‘लँडिंग जोरात झालं, पुढचं चाक तपासा’, तर इंजिनीअर बघेपर्यंत विमान उभं. रविवारची पाच जणांची बुकिंग रद्द. त्यातल्या एकाने आईला पहिल्यांदा विमानात बसवायचं ठरवलेलं. ग्रुपवर तुमचा उद्धार होणार, हे नक्की.

नाही लिहिलंत, तर कुणालाच कळणार नाही. आणि रविवारी सकाळी तो मित्र त्याच्या आईला घेऊन, त्याच चाकावर, उड्डाण करेल.

सामायिक विमानाचा सगळा जीव या एका ओळीत असतो. स्वतःचं विमान असेल तर आपण लपवलेलं आपल्यालाच माहीत असतं. क्लबमध्ये मी लपवलेलं तुमच्या जिवावर बेततं. म्हणून क्लबचा सगळ्यात महत्त्वाचा नियम दंडाचा नसतो, माफीचा असतो. जो स्वतःहून आणि लगेच सांगेल, त्याला दंड नाही. विमा कंपनी नुकसानीचा जो पहिला हिस्सा आपल्याकडून घेते, तोही क्लबच्या फंडातून जाईल. लपवलं आणि नंतर उघडकीला आलं, तर मात्र सगळा खर्च त्याचा आणि बाहेरचा रस्ता. असं आधीच लिहून ठेवलं तर खरं बोलणं परवडतं. आणि खरं बोलणं परवडलं पाहिजे. जो क्लब ‘तुझ्यामुळे रविवार गेला’ म्हणून टोमणे मारतो, तिथल्या वहीची पानं हळूहळू कोरी व्हायला लागतात. विमान नवं झालं म्हणून नाही, माणसं गप्प झाली म्हणून. त्यामुळे एखाद्या क्लबमध्ये जाल तेव्हा विमानाचा रंग बघू नका. वही मागा. वही भरलेली असेल तर निर्धास्त राहा.

हे फक्त मेंबरांपुरतं नाही, हेही लक्षात घ्या. २८ जून २०१८ ची दुपार उपनगरातल्या अनेकांना आठवत असेल. जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेलं छोटं विमान घाटकोपरमध्ये कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक, असे पाच जण गेले. ते क्लबचं विमान नव्हतं, आणि त्या घटनेचा या नियमांशी संबंध जोडायचा नाहीये. पण आपण ज्या शहरात राहतो, तिथे विमानाखाली रिकामी जमीन नसते, माणसं असतात. दहा जणांच्या छंदाची जबाबदारी दहा जणांपुरती राहत नाही.

मग मुंबईत का नाहीत असे क्लब?

प्रश्न बरोबर आहे. १९२८ मध्ये जिथे सुरुवात झाली, तिथे आज गल्लीगल्लीत नाही तरी दोन-चार क्लब असायला हवे होते. पण शहर वाढलं. जुहूला आज मुख्यतः हेलिकॉप्टरची ये-जा असते, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरही तिथूनच जातात. शेजारी देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक. शिकाऊ माणसाने तिथे गिरक्या मारायच्या कुठे? बॉम्बे फ्लाइंग क्लबनेही उड्डाणाचं प्रशिक्षण धुळ्याला नेलं. राज्यात बारामती, शिरपूर, गोंदिया इथेही प्रशिक्षण मिळतं.

दुसरं कारण आपल्या डोक्यातलं. एवढे पैसे घालायचे तर नोकरी मिळाली पाहिजे, हा आपल्या घरांचा हिशोब. तो चुकीचा नाही. पण त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक फ्लाइंग क्लब हळूहळू कमर्शियल पायलट घडवणाऱ्या संस्था झाले. नावात ‘क्लब’ राहिला, पण आवड म्हणून उडणाऱ्या पीपीएलवाल्याची जागा आक्रसली. विमान बाहेरून आणायच्या परवानग्या, इंधन, नियमित तपासणीची व्यवस्था, सगळंच मोठ्या संस्थांच्या हिशोबाने आखलेलं. दहा मित्रांचा गट त्यात कुठेच बसत नाही असं नाही, पण त्याला चपला झिजवाव्या लागतात.

त्या किती झिजतात, हे आपल्याच वेस्टर्न लाईनवर बघायला मिळालं. कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. आणि नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे उपनगरात वेड कमी नाही! कमी आहे ती त्या वेडाला उभं राहायला जागा देणारी व्यवस्था. एकट्याने चपला झिजवण्यापेक्षा दहा जणांनी मिळून झिजवल्या तर निदान जोड्या वाटून घेता येतील.

आज, आत्ता काय करता येईल?

महिन्याला दहा हजार वर्गणी कॉलेजच्या पॉकेटमनीतून निघत नाही, हे मलाही कळतं. पहिल्या पगारातूनही बहुतेकांना जमणार नाही. पण सुरुवात विमानाने करायचीच नाही, हे आपण आत्ताच बघितलं. सुरुवात माणसांनी होते.

तुमच्या कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिकडे जा. कॅडेट्सना मायक्रोलाइट विमानाची ओळख तिथे होते आणि खिशाला खार लागत नाही. एरोमॉडेलिंगही तिथेच शिकता येतं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरने इंजिन नसलेल्या विमानातून कित्येकांना पहिल्यांदा आभाळ दाखवलंय. ग्लायडरची एक मजा आहे. ते एकट्याला उडवताच येत नाही. एक जण आत बसतो, एक पंख सरळ धरतो, एक विंचवर दोर ओढतो. तुम्हाला दहा मिनिटं वर जायचं असेल तर दुसऱ्यांसाठी दिवसभर खाली उन्हात उभं राहावं लागतं. क्लब म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही.

पीपीएल करायचंच असेल तर पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. फी भरून झाल्यावर डॉक्टरांनी नाही म्हटलं तर दोन्हीकडून नुकसान. जिथे शिकणार आहात तिथे जाऊन या. किती विमानं आहेत यापेक्षा किती विमानं उडतायत, ते विचारा. वर्षातले किती महिने हवामान साथ देतं, ते विचारा. इन्स्ट्रक्टर किती आहेत, ते विचारा. आणि सगळे पैसे एकदम मागत असतील तर आधी शिकत असलेल्या मुलांशी कँटीनमध्ये चहा पिता पिता बोला.

आणि ज्यांना पुढे कधीतरी क्लब काढायचाय, त्यांनी आजपासून एक छोटा प्रयोग करून बघा. पाच-सहा जणांनी मिळून एखादी गोष्ट सामायिक घ्या. कॅमेरा, टेंट, सायकल, काहीही. तिच्यासाठी तीन गोष्टी करा. महिन्याची वर्गणी ठरवा आणि ती वेगळ्या खात्यात ठेवा. बाहेर पडण्याचा नियम लिहा. आणि एक वही ठेवा, ज्यात वापरून झाल्यावर काय बिघडलं ते प्रत्येकाने लिहायचं, आणि लिहिल्याबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. वर्षभराने वही उघडा. टेंटची तुटलेली चेन, लेन्सवरचा ओरखडा, सायकलचा ढिला ब्रेक, हे सगळं ज्याने केलं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, तर तुमची माणसं ठरली.

विमान मग शोधता येईल.